मिनलची प्लेट

१

चाकणच्या त्या प्रयोगशाळेत सकाळी सगळ्यांत आधी यायची ती कस्तुरा. रहाटणीहून निघालेली कंपनीची बस भोसरी, मोशी करत, ट्रकांच्या रांगांतून वाट काढत तिला फाटकाशी सोडायची. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांचे पत्रे दाबणारा मोठा पॉवर प्रेस होता. तो तिन्ही पाळ्यांत चालायचा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. धप्प. धप्प. त्याच्या प्रत्येक धपक्यासरशी टेबलावरच्या चहात बारीक लाट उठायची. नवा माणूस पहिले काही दिवस डोकं धरून बसायचा. कस्तुराला आता तो आवाज ऐकूही येत नसे.

चपला बदलायच्या, हात धुवायचे, पांढरा कोट चढवायचा आणि आतल्या खोलीत जायचं. तिथे यंत्र होतं. त्याच्या पोटात, अंगाच्या उबेइतक्या उबेत, काचेसारख्या प्लेटा ठेवलेल्या असत. प्लेट म्हणजे जणू बाहुलीच्या घरातलं आप्पेपात्र, बारीक बारीक खळग्यांचं. प्रत्येक खळग्यात माणसाच्या रक्तापासून वाढवलेल्या हृदयाच्या पेशी. डोळ्यांना काही दिसायचं नाही, नुसतं गुलाबी पाणी. पण कॅमेरा चालू झाला की काळ्या पडद्यावर हिरवी चमक उठायची आणि विझायची. पेशीत कॅल्शियम शिरलं की ती चमकते आणि आकसते, कॅल्शियम ओसरलं की विझते आणि सैल पडते. हाच तो ठोका. छातीबाहेरचा, माणसाबाहेरचा.

ठोके मोजायला सॉफ्टवेअर होतं. ते दिवसरात्र, थोड्या थोड्या वेळानं, कुणी न सांगता चालू व्हायचं, प्रत्येक खळग्याची लाट काढायचं, ती किती उंच चढली, किती वेळात उतरली ते लिहायचं आणि चुकलेल्या ठोक्यावर लाल खूण करायचं. म्हणून सगळे त्याला ‘मास्तर’ म्हणायचे.

खालच्या कप्प्यातल्या प्लेटीवर नाव नव्हतं. नाव लिहायची पद्धतच नव्हती. पण ती कुणाची हे कस्तुराला ठाऊक होतं. ती मिनलची होती, तिच्या एकुलत्या एका लेकीची.

मिनलच्या हृदयात दोष होता, बापाच्या घराण्यातून आलेला. कस्तुराचा नवरा रोहिदास. त्याची धाकटी बहीण ऐन हळदीच्या दिवशी, पाटावर बसल्या बसल्या गेली होती. मिनललाही दोनदा भोवळ आली, तेव्हा डॉक्टरांनी तपासून सांगितलं, औषध सुरू करायलाच हवं. औषधं दोन होती. कुणाला एक तारतं, दुसरं मारतं. कुणाचं याच्या उलट. प्रयोगशाळेच्या प्रमुख शिफा मॅडम म्हणाल्या, “ताई, मिनलचं रक्त द्या. आधी तिच्या पेशींवर बघू, मग तिला देऊ.” पेशी वाढायला महिने लागले. आता दसरा झाला की चाचणी होती.

२

नवरात्राच्या आधीची गोष्ट. दुपारी कस्तुरा यंत्रासमोर उभी असताना खिशातला फोन थरथरला. मिनलच्या कॉलेजचा नंबर. तिच्या काळजात धस्स झालं.

“मिनलच्या आई का? घाबरू नका, तिला जरा चक्कर आलीय.”

ती रिक्षा करून पिंपरीला धावली. मिनल कॅन्टीनमध्ये मैत्रिणींच्या घोळक्यात बसून वडापाव खात होती.

“आई, तू पांढऱ्या कोटातच आलीस?” ती हसली. “सगळ्यांना वाटलं, मला न्यायला ॲम्ब्युलन्सवाल्या बाई आल्यात.”

दुसऱ्या दिवशी सिद्धेशनं तिला हाक मारली. मास्तरची देखभाल करणारा हा माण गावाकडचा मुलगा, बोलायला मोकळा.

“ताई, हे बघा जरा. मास्तरांनी काल खालची अख्खी प्लेट लाल केलीय.”

पडद्यावर मिनलच्या प्लेटीच्या लाटा एकाखाली एक लागल्या होत्या. एरवी प्रत्येक खळगा आपापल्या नादात असे. कुणी घाईत, कुणी आळसात. मध्ये भिंती, या खळग्यातल्या पेशींना शेजारच्या खळग्याची खबरही नसते. पण काल दुपारी सगळ्या लाटा एका रेषेत आल्या होत्या. सगळ्या एकदम चढत होत्या, एकदम उतरत होत्या. आणि मग एका ठिकाणी सगळ्या मिळून थबकल्या होत्या. एक ठोका गाळून पुन्हा सुरू.

कस्तुरानं वेळ बघितली. कॉलेजचा फोन आला, तीच वेळ.

“असं कसं झालं रे?” तिनं विचारलं.

“प्रेस, ताई. दुसरं काय? मोठा साचा बसवला असेल, जमीन हादरली, सगळ्या पेशी दचकल्या.” मग तो डोकं खाजवत म्हणाला, “फक्त एक कळत नाही. गेले काही दिवस एका तालात येणं दिवसाच होतंय. रात्री परत ज्याचं त्याचं. प्रेस तर रात्रीही चालतो.”

शेजारून धप्प झालं. कस्तुराला त्या दिवशी तो आवाज पुन्हा ऐकू यायला लागला.

३

संध्याकाळी घरी पोळ्या लाटता लाटता ती मिनलकडे बघत होती. मिनल ओट्यावर बसून पाय हलवत मोबाइल बघत होती.

“काल चक्कर आली तेव्हा छातीत काय झालं गं?”

“काही नाही झालं.”

“ठोका चुकला का?”

“आई, मी उपाशी होते. डबा नेहाला दिला होता. छातीचं काही नव्हतं, पोटाचं होतं.” तिनं मान वर केली. “आणि तू माझ्याकडे असं बघू नकोस. प्लेटीकडे बघितल्यासारखं.”

कस्तुराचा विश्वास बसला नाही. पोरी आईला त्रास नको म्हणून लपवतात, तिच्या वयाची असताना कस्तुराही लपवायची.

रात्री अंथरुणावर पडल्यावर तिनं स्वतःला समजावून पाहिलं. रक्त काढलं की ते शरीराचं राहत नाही. केस कापले, नखं काढली, तर आपल्याला दुखतं का? मग रहाटणीतल्या पोरीचं चाकणच्या पाण्याला कसं कळेल? पण कळत असेल तर? मिनलचं हृदय थबकतं तेव्हा प्लेट थबकते, असं असेल तर ते अद्भुतच होतं, हात जोडावेत असं. तिला त्याची भीती वाटली नाही.

मग दुसरा विचार आला आणि ती उठून बसली. उलटं असलं तर? प्लेट थबकते म्हणून मिनल थबकत असेल तर?

दसऱ्यानंतर त्या प्लेटीत औषध टाकायचं होतं. त्यातलं एक मारणारं होतं.

शेजारच्या खोलीत मिनल झोपली होती. दारात उभं राहून कस्तुरानं तिचा श्वास ऐकला. तो शांत होता, आणि त्यानंच तिला रडू आलं.

४

खंडेनवमीला चाकणचा सगळा पट्टा गप्प होतो. वर्षातून एकदा. यंत्रं धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून बंद ठेवतात. त्या दिवशी त्यांच्याकडून काम घ्यायचं नाही. शेजारचा प्रेससुद्धा थांबला होता. कस्तुरा बसमधून उतरली आणि तिला वाटलं, आपल्याला ऐकू येणं बंद झालंय. मग हळूहळू एकेक आवाज येत गेला. उन्हानं तापणाऱ्या पत्र्याची कडकड. कुठेतरी नळाची धार. चिमण्या. चाकणमध्ये चिमण्या आहेत हे तिला माहीतच नव्हतं.

प्रयोगशाळेत उदबत्ती चालत नाही, कुंकवाची पूडही चालत नाही. म्हणून हळदकुंकू बाहेरच्या चौकटीला आणि यंत्रावर सीलबंद पिशवीत घातलेलं एक झेंडूचं फूल, असा तिथला रिवाज होता. शिफा मॅडम स्वतः फडकं घेऊन यंत्र पुसत होत्या.

“आमच्या अब्बांचं चिंचवडला गॅरेज होतं,” त्या म्हणाल्या. “आजच्या दिवशी कामगार पाने, हातोडे, जॅक, सगळं मांडायचे. अब्बा म्हणायचे, वर्षभर आपण त्यांना बडवतो, एक दिवस त्यांना आराम.”

“मास्तरांनाही आराम,” सिद्धेश म्हणाला. पेशी गार पडल्या की मरतात, म्हणून ऊब तेवढी चालू होती. बाकी सगळं बंद. निदान त्याला तसं वाटत होतं. त्यानं पडदा बंद केला होता. मास्तरला दिलेलं वेळापत्रक काढायला तो विसरला होता.

तिघं यंत्रासमोर उभी राहिली. कस्तुरानं डोळे मिटले, हात जोडले. माझ्या लेकीला सांभाळ, एवढंच ती म्हणाली. कुणाला म्हणाली, देवाला की यंत्राला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

टिक् असा आवाज झाला.

यंत्राच्या फटीतून निळा उजेड आला. कॅमेरा आपोआप चालू झाला होता.

“अरेच्चा, वेळापत्रक!” सिद्धेशनं पडदा चालू केला, कॅमेरा बंद करायला हात पुढे केला आणि तो हात तसाच राहिला.

प्लेटीतले सगळे खळगे एकदम उजळत होते आणि एकदम विझत होते. हिरवं, काळं. हिरवं, काळं. कुठेही जराही मागेपुढे नाही. अवघी प्लेट म्हणजे एकच छाती झाली होती. ना धपका, ना हादरा. बाहेर चिमण्या बोलत होत्या.

“प्रेस...” सिद्धेश म्हणाला, आणि मग त्याला आठवलं, प्रेस आज बंद आहे.

“शेवटची ओळ बघ,” शिफा मॅडम अगदी हळू म्हणाल्या.

शेवटच्या ओळीतले खळगे रिकामे होते. तुलनेसाठी ठेवलेले, नुसतं पाणी घातलेले, एकही पेशी नसलेले. मास्तर तिथे नेहमी सरळ रेघ काढायचा. आज तिथेही लाट होती. फिकट, पण लाट. चढत होती, उतरत होती, बाकीच्यांच्या बरोबरीनं.

“शेजारच्या चमकेचा उजेड पडत असेल,” सिद्धेश म्हणाला. त्याचा आवाज देवळात बोलल्यासारखा झाला होता.

“असेल,” शिफा मॅडम म्हणाल्या. पण त्यांनी डोक्यावर ओढणी घेतली होती, आणि ती कधी घेतली हे त्यांना कळलं नव्हतं.

कुणी काही बंद केलं नाही. मास्तरचं मोजून होईपर्यंत तिघं तशीच उभी राहिली.

५

चाचणीच्या आदल्या दिवशी कस्तुरानं शिफा मॅडमना सगळं सांगितलं. हसतील असं तिला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

“तुम्ही म्हणालात तर थांबवते, ताई. तुमची मुलगी, तुमचा शब्द. पण डॉक्टरांना काय सांगू? औषध न देता किती दिवस काढायचे? आणि न तपासता दिलं, नि नेमकं चुकीचं दिलं तर?”

घरी तिनं रोहिदासला सांगितलं. तो पाळी संपवून आला होता, जेवायला बसला होता. ऐकता ऐकता त्याचा घास हातातच राहिला.

“काय खूळ घेतलंस डोक्यात? पान्याचा आन् पोरीचा काय संबंध?”

“नाहीच असं सांगता का? छातीवर हात ठेवून?”

त्यानं घास ताटात परत ठेवला. “न्हाई सांगता येत,” तो म्हणाला. “पन हळदीला बसलेली माझी बहीन मी बघितलीया, कस्तुरा. त्या येळी कुनी तपासून सांगितलं असतं, तर मी कायबी करू दिलं असतं. उंद्या मी रजा टाकतो. पोरीजवळ बसून राहतो. आणखी काय करू सांग.”

मिनल दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“आई, सोप्पं आहे,” ती म्हणाली. “मी नाडीवर बोट ठेवते आणि दुसऱ्या हातानं फोनवर टकटक करते. एकेका ठोक्याला एक टक. तू तिकडे प्लेट बघ. वेगळं वाटलं की ओरड, बाबा मला उचलून दवाखान्यात पळवतील. किती दिवस झाले त्यांनी मला उचलून घेतलेलं नाही.”

“वाढलीस किती बघ,” रोहिदास म्हणाला, आणि तोंड फिरवून पाणी प्यायला.

६

चाचणी सकाळी होती. शिफा मॅडमनी फोन टेबलावर ठेवायची परवानगी दिली. स्पीकर चालू होता. रहाटणीच्या घरातला पंखा ऐकू येत होता, आणि त्यातून मिनलच्या बोटाचा आवाज.

टक. टक. टक.

पडद्यावर प्लेट उजळत होती, विझत होती. सगळे खळगे एका तालात. शेजारी प्रेस त्याच्या कामाला लागला होता, पण त्याचा ताल वेगळा होता, आणि सिद्धेशही आता त्याचं नाव घेत नव्हता.

कस्तुरा प्लेट आणि फोन यांच्यामध्ये उभी राहून ऐकत होती. आधी तिला दोन्ही एकच वाटले. मग नाही. प्लेट थोडी घाईत होती, मिनलचं बोट सावकाश. दोन्ही क्षणभर जुळायचे आणि पुन्हा सुटायचे, रस्त्यानं शेजारून चालणाऱ्या दोन माणसांच्या पावलांसारखे. तिचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

“पहिलं औषध,” शिफा मॅडम म्हणाल्या.

नळीतून थेंब गेले. काही झालं नाही. मग हिरव्या चमकेत अंतर पडायला लागलं. उजळली. विझली. बराच वेळ काळोख. उजळली. मास्तरनं एक लाल खूण केली, मग आणखी एक.

टक. टक. टक.

मिनलचं बोट चुकत नव्हतं. थांबत नव्हतं, मंदावत नव्हतं.

“मिनल!”

“काय गं? काही झालं नाही मला. बाबा माझ्याकडे डोळे वटारून बघतायत, एवढंच.”

कस्तुराला हसू फुटलं आणि रडूही. सुटली. माझी पोर सुटली. पाण्याचा आणि तिचा काही संबंध नव्हता. ती स्टुलावर बसली, कारण पाय लटपटत होते. आनंदानं लटपटतायत असं तिला वाटलं. मग डोळ्यांपुढे अंधारी आली, कान भरून आले, शिफा मॅडमचा आवाज लांबून आल्यासारखा झाला.

“ताई? घामाघूम झालात तुम्ही.”

“पित्त झालंय. सकाळपासून काही खाल्लं नाही,” ती म्हणाली.

कपाळावरचा घाम पुसताना तिचा हात गळ्याशी आला आणि तिथेच थांबला.

पडद्यावर चमक उठली. बोटाखाली ठोका लागला.

चमक विझली. बोटाखाली शांत.

बराच वेळ काळोख. बराच वेळ शांत.

चमक. ठोका.

तिनं बोट काढून पाहिलं, पुन्हा ठेवलं. नजर दुसरीकडे वळवली आणि नुसत्या बोटानं ओळखायचा प्रयत्न केला, मग बघितलं. एकदाही चुकलं नाही. लेकीच्या रक्तातून वाढलेल्या त्या पेशी, आणि शेवटच्या ओळीतलं ते नुसतं पाणी, सगळं तिच्या स्वतःच्या छातीबरोबर चाललं होतं.

तिला भीती वाटायला हवी होती. तिनं भीतीची वाट पाहिली, ती आली नाही. आलं ते काहीतरी फार मोठं, खोलीपेक्षा मोठं. पोटात होती तेव्हा त्या पोरीनं दुसरा कुठला आवाज ऐकला होता? हा ठोका ऐकत ऐकतच तर तिचा पहिला ठोका पडला असेल.

औषध धुऊन काढलं, तशी प्लेट सावरली. कस्तुराच्या डोळ्यांपुढचा अंधारही गेला.

“पहिल्यानं ठोके मंदावले, थांबले नाहीत,” शिफा मॅडम म्हणाल्या. “पण एवढ्यावर डॉक्टर ठरवू शकणार नाहीत. दुसरं बघायला हवं, ते जास्त जोरकस आहे. मिनल तर ठीक आहे. पण तुम्ही बऱ्या दिसत नाही, ताई. उद्या करू का?”

उद्या केलं तरी प्लेट हीच असणार होती, आणि छातीही हीच. ती एक शब्द बोलली असती तर शिफा मॅडमनी सगळं थांबवलं असतं, आणि मग मिनलला कुठलं औषध द्यायचं हे कुणालाच कधी कळलं नसतं.

कस्तुरानं गळ्यावरचं बोट काढलं नाही. गळा दुखतोय असं दिसावं म्हणून मान जरा कलती केली.

“मिनल,” तिनं फोनकडे तोंड करून हाक मारली.

“काय?”

“बोट थांबवू नकोस बरं का.”

“नाही गं आई. तू पण ना!”

“घाल, शिफा,” कस्तुरा म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं नुसतं नाव घेतलं होतं.

थेंब पडले. पहिल्या ओळीतली चमक विझली, मग दुसरीतली, मग एकेक करत सगळ्यांची. पडदा काळा झाला. मास्तरनं सगळ्या खळग्यांना सरळ रेघा काढल्या. बोटाखालची जागा एकदम निवांत झाली, पहाटेच्या पाण्यासारखी.

खोलीत काही हलत नव्हतं. कस्तुरा पुढच्या ठोक्याची वाट बघत होती, कसलीही घाई न करता. आणि तेवढ्या अवकाशात, रहाटणीहून, स्वच्छ आणि सावकाश, तिच्या लेकीचा आवाज येत राहिला.

टक. टक. टक.